गर्भजल तपासणीआधीचं समुपदेशन: उत्तम माणसं, अडवणारा नियम

या केंद्रातल्या समुपदेशक बाईंना मी पैकीच्या पैकी गुण देते. रक्ताच्या चाचणीत बाळाला डाउन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात दोष) असण्याची जोखीम जास्त दिसली होती. ‘हे निदान नव्हे,’ हे त्यांनी आधी सांगितलं आणि मग मला रडून घेऊ दिलं. नंतर कागदावर सगळं मांडलं: तपासणीसाठी वारेचा अंश घ्यायचा तर साधारण ११ ते १४ आठवड्यांत, गर्भजल काढायचं तर १५ आठवड्यांनंतर; अनुभवी हातांत गर्भपाताचा वाढीव धोका २००त एकाहून कमी. नवऱ्याने विचारलं, ‘तुम्ही काय केलं असतं?’ त्यांनी उत्तर द्यायचं टाळलं. मला ते फार पटलं.

तक्रार आहे ती नियमाबद्दल. मी ३५च्या आतली, म्हणून खर्चाच्या मंजुरीसाठी वेगळा अर्ज आणि वाट बघणं; इकडे आठवडे सरतात. वयाबरोबर जोखीम वाढते हे खरं, पण तरुण आयांनाही अशी बाळं होतात. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २००७मध्येच वय न बघता सर्वांना या तपासणीचा पर्याय द्यायला सांगितलं. तपासणी करायची की नाही, हे मी ठरवीन. जन्मतारखेने ठरवू नये.

आणखी एक, रिपोर्ट सांगतानाही त्याच बाई समोर असाव्यात.