कुंडी बदलायला दिली, झाडच बदलून आलं

15,600 रुपये गेले त्याचं मला एवढं वाटत नाही. म्हणजे वाटतं, खोटं कशाला बोलू! पण कुंडी बदलून देतो म्हणणाऱ्या माणसाने पैसे घेतले ते घेतले, वर आमचा बोन्साय वडही नेला, तो संताप काही केल्या जात नाही. घरचे म्हणतात लिहू नकोस, आपलंच हसं होईल. होऊ दे. निदान दुसऱ्या कुणाचं झाड तरी वाचेल.

वड माझ्या सासऱ्यांचा, अण्णांचा. 1988 साली पेठेतला जुना वाडा पाडत होते, तेव्हा भिंतीच्या फटीत उगवलेलं रोप त्यांनी विटेच्या तुकड्यासकट काढून आणलं आणि कुंडीत लावलं. ती वीट मुळांनी कधी सोडलीच नाही. बुंध्याच्या मागच्या अंगाला, दोन मुळांच्या बेचक्यात, चुना लागलेला तुकडा घट्ट धरलेला. कुंडी फिरवल्याशिवाय दिसायचा नाही. काचबिंदूने अण्णांची नजर गेली तेव्हापासून झाडं माझ्याकडे आली. नोकरी आणि घर सांभाळून मी पाणी घालायचे, बास. मी बोन्सायमधली जाणकार नाही आणि तसा आव कधी आणलाही नाही.

कुंडी बदलायला झाली होती हे मात्र खरं. पाणी घातलं की वरच साचून राहायचं, मुळं तळाच्या भोकातून बाहेर आली होती. अण्णा दर दोन-तीन वर्षांनी करायचे, आता जमत नव्हतं. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर एकाचा नंबर आला. खाली हॉलमध्ये त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. माणूस गोड बोलणारा, अवजारं उत्तम, चीक पुसायला ओलं फडकं, फांद्यांना वळण द्यायच्या तारेची जाडीप्रमाणे वेगवेगळी रिळं. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात आपण बोन्साय बघत उभे राहतो, तिथलीच भाषा. आमच्या वडासमोर तर तो दोन मिनिटं गप्प उभा राहिला. मला वाटलं, जाणकार दिसतोय. तो माप घेत होता!

पुढचं तुम्हाला सांगायला नकोच. आधी थोडे, मग अजून थोडे. मुळं छाटून कुंडी बदलायची मजुरी 3,500. 'जपानी' कुंडी 2,800. अकाडामा मातीची एक पिशवी 4,200. टेम्पो 600. मग फोन आला, मुळं कुजलीत, झाड अशक्त आहे, माझ्याकडे शेडनेटमध्ये ठेवावं लागेल, महिना 1,500. असे तीन महिने. सगळे पैसे फोनवरून, आणि खातं भलत्याच बाईच्या नावावर. 'मिसेसचं आहे' म्हणाला. पावती मागितली तर 'ताई, आपल्यात पावती कसली?'

तो झाड घेऊन गेला डिसेंबरात. वडाची मुळं छाटायची ती थंडी सरल्यावर, फेब्रुवारी-मार्चला नवी पालवी फुटायच्या बेतात, नाहीतर पावसाच्या तोंडावर. ऐन थंडीत वड जवळजवळ झोपलेला असतो, तेव्हा त्याला हात लावत नाहीत. हे मला आता माहीत आहे. तेव्हा कोण सांगणार होतं? अण्णा पुटपुटले होते, "आत्ता कशाला?" तर हा म्हणतो, "काका, आता टेक्निक बदललंय."

मार्चअखेर झाड परत आलं ते एकही पान नसलेलं. 'डिफोलिएशन केलंय, म्हणजे सगळी पानं खुडलीत, महिन्याभरात पानं येतील, आणि लहान येतील.' बुडाशी हिरवंगार शेवाळ, इतकं गच्च की मातीचा कण दिसत नव्हता. फांद्या आखूड केलेल्या. आणि कुंडी ह्यांनी एकट्याने उचलून गच्चीवर नेली.

तिथेच. तिथेच कळायला हवं होतं! आमचा वड हलवायला दोन माणसं लागायची. मी म्हटलंसुद्धा, "हलकं कसं लागतंय हो?" तर तो हसून, "अकाडामा हलकी असते ताई, हाच तर फायदा." आणि आम्हीही हसलो. बरं, पानं खुडतात ती धडधाकट झाडाची. जे झाड अशक्त म्हणून माझ्याकडून तीन महिन्यांचं भाडं घेतलंस, त्याची सगळी पानं कशी काय खुडलीस? साधा प्रश्न. त्या दिवशी सुचला नाही, आता रात्री दोन वाजता सुचतो. पान नाही, बुंधा शेवाळाखाली, फांद्या छाटलेल्या, कुंडी नवी. ओळखायचं कशावरून? मला हसणाऱ्यांनी आपापल्या तुळशीचं नुसतं खोड ओळखून दाखवावं.

एप्रिलच्या शेवटी पानं आली. छोटी, गुळगुळीत, चकचकीत, टोकदार. मी खूश, 'लहान येतील' म्हणाला होता ना. मेमध्ये ती मधोमध दुमडायला लागली, उघडून बघावं तर आत बारीक काळे किडे. कोपऱ्यावरच्या नर्सरीतल्या माळीमामांना फांदी दाखवली. त्यांनी पान नखाने उलगडलं आणि म्हणाले, "थ्रिप्स आहे. नांदरूकावर फार येते ही." नांदरूक म्हणजे वडाच्याच कुळातलं दुसरं झाड. मी म्हटलं, मामा, वड आहे हा. त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मी फांदी पिशवीत घालून सरळ घरी आले. वडाचं पान रुंद, जाड, शिरा पांढुरक्या ठळक, आणि कोवळं असताना बोटाला लव लागते. कुंडीत ते लहान होतं, पण त्याचं नांदरूक होत नाही.

अण्णांना गच्चीवर नेलं. त्यांनी शेवाळ बोटांनी बाजूला केलं, बुंध्याभोवती हात फिरवला आणि एवढंच विचारलं, "वीट कुठंय?"

त्या मातीचंही ऐका. अकाडामा ही जपानातली दाणेदार माती, भिजवून चिमटीत जोरात दाबली की फुटते. आमची दातांनी फुटली नसती. विटांचा चुरा होता तो. विटांचा चुरा वाईट नसतो, आपल्याकडे कित्येक जण तोच चाळून, धूळ काढून वापरतात, पाण्याचा निचरा छान होतो. पण तो 4,200 ला घेत नाहीत.

आता तक्रारीचं. चौकीत पहिला प्रश्न, "झाड चोरीला गेलं की मेलं?" दुसरा, "तुम्हीच हाताने दिलंत ना, मग चोरी कशी?" तिसरा, "वड कुंडीत मावतो का?" मग मालकीचा पुरावा मागितला. झाडाचा सातबारा असतो का हो? फोटो दाखवले, तर दोन्ही फोटोंकडे बघून साहेब म्हणाले, "सारखंच तर दिसतंय." शेवटी अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करत नाहीत असा गुन्हा, म्हणून एक कागद हातात दिला. विश्वासाने सोपवलेली वस्तू लाटणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे आणि तो दखलपात्र आहे, हे भाच्याने वाचून दाखवलं. ते मी तिथे बोलले तर उत्तर आलं, "मॅडम, वकील आहात का?" बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणते, वस्तू मिळाली ना, मग हे आमच्यात बसत नाही. दुकानाचा जीएसटी नंबर द्या. दुकान असतं तर मी तुला कशाला फोन केला असता, बाई? सगळ्यांचं एकच, झाडाची किंमत किती? बिल आहे का? 1988 साली भिंतीतून उपटलेल्या रोपाचं बिल!

चौकीने घेतलं नाही तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पाठवता येते, कलम 173(4), भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. मी रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली आहे. पोच ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षं. पण समोरच्याचा पत्ता लागतो, आणि तोच आमच्याकडे नाही. म्हणून पैसे देण्याआधी पत्ता घ्या, जाऊन बघून या.

झाड घराबाहेर देऊच नका. ज्याला येतं तो तुमच्या गच्चीत बसून तासा-दोन तासांत कुंडी बदलून देतो: मुळं साधारण एक तृतीयांश छाटायची, भोकांवर जाळी, झाड तारेने कुंडीला बांधायचं, मग काही दिवस सावलीत. बास, यात दवाखाना कुठे आला? द्यावंच लागलं तर बुंध्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, तारेचे वळ, छाटल्याच्या खुणा, सगळं. पान काढून परत आणलं तर घेऊ नका. आणि गाजरासारख्या जाड मुळांचं फायकस, म्हणजे वड-नांदरूकाच्या कुळातलं झाड, कुणी 'चाळीस वर्षांचं' म्हणून गळ्यात मारत असेल तर वर कलमाचा सांधा, म्हणजे दुसरी फांदी जोडल्याची खूण, शोधा, बहुतेक सापडेल. नुसत्या नजरेने फायकसचं वय छातीठोक सांगणारा माणूस विकायलाच आलेला असतो.

त्याचा नंबर आता लागत नाही. पण असली माणसं धंदा सोडत नाहीत, गाव बदलतात. जुना वड, बुंध्यामागे मुळांत चुन्याची वीट, खालून तिसऱ्या फांदीवर तांब्याच्या तारेचा वळ: असं झाड कुठे विकायला दिसलं तर भाव करत बसा, माणसाला बोलतं ठेवा, फोटो काढा आणि मला कळवा. वीट कुणी उपटून काढली असेल तरी तिथे खाच राहिलीच असेल.