टेबल डीमॅग्नेटायझर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे सरफेस ग्राइंडिंगचे छोटे वर्कशॉप आहे. हायड्रॉलिक पंपाच्या प्लेटांचा एक लॉट ग्राहकाकडून परत आला, तेव्हा पोलादात उरलेले चुंबकत्व काढणारे हे यंत्र घेतले. मापे बरोबर होती. पण मॅग्नेटिक चकवरून (ग्राइंडिंग करताना प्लेट चुंबकाने धरून ठेवणाऱ्या पाटावरून) उतरलेल्या प्लेटांत चुंबकत्व उरले होते आणि रॉकेलने धुऊनही त्यांच्या कडांना बारीक चूर मिशीच्या केसांसारखा उभा राहत होता.

चकचे क्षेत्र बंद झाले तरी पोलादातील चुंबकत्व आल्या वाटेने परत जात नाही, ते मागे रेंगाळते. जेम्स अल्फ्रेड यूइंग यांनी १८८० च्या दशकात यालाच हिस्टेरिसिस हे नाव दिले. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर हे यंत्र जॉबला (कामाच्या तुकड्याला) सेकंदाला ५० वेळा हिस्टेरिसिसच्या वळशातून, म्हणजे चुंबकत्व एका दिशेने, मग उलट दिशेने आणि परत, असे फिरवते आणि जॉब दूर सरकेल तसा प्रत्येक वळसा आधीच्यापेक्षा लहान होत शून्याकडे जातो. म्हणूनच जॉब सावकाश, सलग ओढत दूर नेणे महत्त्वाचे आहे. पहिल्या महिन्यात आम्ही प्लेट टेबलावर असतानाच बटण बंद करत होतो, त्यामुळे ती त्या क्षणी वळशावर जिथे असेल तिथेच अडकत असे. मध्येच वीज गेली तरी हेच होते. अशा वेळी वीज आल्यावर तो जॉब पुन्हा फिरवावाच लागतो. आता टेबलापासून दोन फुटांवर पिवळा पट्टा मारला आहे आणि प्रत्येक प्लेट दोऱ्याला टांगलेल्या टाचणीजवळ धरून तपासतो.

माइल्ड स्टीलचे जॉब एका फेरीत सुटतात. हार्डनिंग केलेल्या पोलादाला, त्याची निग्रहिता (चुंबकत्व सोडायला होणारा विरोध) जास्त असल्याने, उलटून दुसरी फेरी द्यावी लागते. कॉइल लवकर तापते, त्यामुळे मध्ये विश्रांती हवीच.

खरी उणीव जाड ठोकळ्यांत दिसते. बदलत्या क्षेत्रामुळे धातूतच निर्माण होणाऱ्या भोवरी प्रवाहांमुळे ५० हर्ट्झचे क्षेत्र आतपर्यंत पोचत नाही. तीन इंची डाय ब्लॉक चार फेऱ्यांनंतरही टाचणी ओढत होता. लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापवले की चुंबकत्व जाते हे खरे, पण तेवढ्या उष्णतेने डायला दिलेले पाणीच, म्हणजे हार्डनिंगने आलेला कठीणपणाच, उतरेल. प्लेटा, रिंगा आणि बुश यांच्यासाठी हे यंत्र मी निःशंकपणे सुचवेन. डायचे काम मुख्य असेल, तर कमी वारंवारतेचे यंत्र पाहावे.