क्लोमिफेन आणि लेट्रोझोल : गोळी स्वस्त, देखरेख महाग

पीसीओडीमुळे (अंडाशयाचा विकार, यालाच पीसीओएसही म्हणतात) स्त्रीबीज वेळेवर तयार होत नाही असे निदान झाल्यावर मला प्रथम क्लोमिफेनची ५० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून सलग पाच दिवस, एवढाच तिचा व्याप. ही गोळी मेंदूला इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी असल्याचे भासवते, त्यामुळे मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी अधिक एफएसएच (बीजवाढीचे संप्रेरक) सोडते आणि अंडाशयातील फॉलिकल, म्हणजे बीज असलेली पिशवी, वाढू लागते. हे काम तिने चोख केले. सोनोग्राफीत वाढ स्पष्ट दिसली.

तक्रार आहे ती दुष्परिणामांची. पंखा पूर्ण वेगात असतानाही मान आणि छाती एकाएकी तापून घाम फुटे, आणि चिडचिड इतकी की डब्याचे झाकण लागत नाही एवढ्यावरून रडू येई. तेही सोसले असते. परंतु वाचताना अक्षरांच्या कडेला लकाकणाऱ्या रेषा दिसू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी गोळी तत्काळ बंद करून डोळे तपासायला पाठवले. असा त्रास मोजक्याच स्त्रियांना होतो, तरी तो झाल्यास गोळी पुढे घ्यायची नसते, हे आधीच सांगायला हवे होते. शिवाय फॉलिकल वाढूनही गर्भाशयाचे अस्तर पातळच राहिले, कारण इस्ट्रोजेनला अडवण्याचा या औषधाचा गुण तिथेही लागू पडतो.

त्यानंतर लेट्रोझोल मिळाले, २.५ मिलिग्रॅम. चिठ्ठी पाहून औषधवाल्याने हळूच विचारले, "घरात कोणाला कॅन्सर आहे का?" प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता. हे मूळचे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध असून भारतात वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर २०११ साली बंदी आली आणि ती २०१७ मध्ये उठली. दरम्यान, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीत लेट्रोझोल घेणाऱ्या २७.५ टक्के, तर क्लोमिफेन घेणाऱ्या १९.१ टक्के स्त्रियांना मूल झाले. लेट्रोझोल शरीरातून लवकर बाहेर पडते आणि अस्तरालाही सहसा धक्का लावत नाही. मला थकवा आणि थोडी चक्कर जाणवली, घामाचा त्रास मात्र बराच कमी झाला. पीसीओएससाठी मी निःसंकोच लेट्रोझोललाच झुकते माप देईन.

खर्चाचे म्हणाल तर गोळ्या किरकोळ पैशांत येतात. खिसा रिकामा होतो तो फॉलिकल मोजण्यासाठी दर दोन-तीन दिवसांनी कराव्या लागणाऱ्या सोनोग्राफीने. तरीही ती टाळू नये, कारण एकाहून अधिक फॉलिकल वाढली तर जुळ्यांची शक्यता बळावते आणि क्वचित अंडाशय सुजून पोट फुगते. त्यामुळे जावेकडे उरलेली स्ट्रिप मागून आणून घेण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर तो सरळ नाकारावा.