फाटकावरचा फलक आणि आतली प्रयोगशाळा : अठरा महिन्यांचा अनुभव

थोरल्या मुलीला 2023 च्या केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत, म्हणजे कॅप फेरीत, सोलापूर शहराबाहेरच्या एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश मिळाला. शाखा कृत्रिम बुद्धिमत्ता आणि डेटा सायन्स, म्हणजे मुलांच्या भाषेत एआय-डीएस. तिची तीन सत्रे आता पूर्ण झाली आहेत. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. शिक्षणक्षेत्राशी माझा संबंध पालक म्हणूनच आला, पण कागद वाचण्याची सवय आहे आणि या दीड वर्षात ती उपयोगी पडली. महाविद्यालयाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुलीला अजून अडीच वर्षे तिथेच शिकायचे आहे.

प्रवेश घेताना फाटकावर दोन गोष्टी ठळकपणे लिहिलेल्या होत्या : नॅकची श्रेणी आणि 'एनबीए मानांकित'. दोन्ही खरे होते, मात्र आम्ही त्यांचा अर्थ चुकीचा लावला. नॅक ही राष्ट्रीय मूल्यांकन संस्था संपूर्ण महाविद्यालयाचे मूल्यांकन करते, तर एनबीए म्हणजे राष्ट्रीय प्रत्यायन मंडळ एकेका अभ्यासक्रमाचे. आमच्या महाविद्यालयात एनबीएचे मानांकन स्थापत्य आणि यांत्रिकी या जुन्या शाखांना होते. एआय-डीएस शाखा 2021 मध्ये सुरू झाली, आणि किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्याशिवाय एनबीएकडे अर्जच करता येत नाही. त्यामुळे मुलीच्या शाखेला ते मानांकन असणे शक्यच नव्हते. हे कोणी लपवले नाही, पण कोणी आपणहून सांगितलेही नाही, आणि समुपदेशनाच्या टेबलावर आम्ही विचारले नाही. परदेशात पुढील शिक्षणाचा विचार असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. सदस्य देशांत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 मध्ये कायम सदस्य झाला, पण त्याचा लाभ एनबीएच्या टिअर-1 मानांकित अभ्यासक्रमांनाच मिळतो, आणि टिअर-1 साठी महाविद्यालय स्वायत्त असावे लागते किंवा अभ्यासक्रम विद्यापीठाचा स्वतःचा असावा लागतो. विद्यापीठाशी केवळ संलग्न असलेली महाविद्यालये टिअर-2 मध्ये येतात. आमचे महाविद्यालय संलग्न आहे.

मुलगी दुसऱ्या सत्रात असताना नॅकची समिती आली आणि पालकांच्या बैठकीसाठी मला बोलावणे आले. आदल्या दिवशी विभागातून फोन आला, 'काका, चांगलेच बोला.' ही विनंती मला खटकली आणि आजही खटकते. बैठकीत समितीच्या एका सदस्यांनी विचारले की मुलगी घरी आल्यावर कॉलेजबद्दल काय बोलते. मी सांगितले की गणिताच्या मॅडमबद्दल ती भरभरून बोलते, आणि संगणक प्रयोगशाळेत इंटरनेट वारंवार बंद पडते हेही सांगते. त्यांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. नंतर कोणी माझ्यावर नाराजी दाखवली नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

समिती येण्याआधीच्या तीन-चार महिन्यांत रंगरंगोटी झाली, झाडे लागली; ते सगळीकडेच होते. पण काही बदल टिकाऊ निघाले. प्रत्येक विषयाची उद्दिष्टे सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना मिळू लागली आणि चाचणीतला कोणता प्रश्न कोणत्या उद्दिष्टासाठी आहे हे प्रश्नपत्रिकेवर छापले जाऊ लागले. या सगळ्या नोंदी ज्यात ठेवाव्या लागतात त्या कोर्स फाइलींचा शिक्षकांना कंटाळा येतो असे ऐकतो, आणि त्यांच्यावर लेखनाचा बोजा नक्कीच वाढला आहे; पण आपण नेमके कशात कच्चे आहोत हे मुलीला त्यामुळेच कळले. दर 20 मुलांमागे एक मेंटर नेमला गेला. दुसऱ्या सत्रात ती एका विषयात मागे पडली तेव्हा आम्हाला पहिला फोन त्या मेंटर मॅडमचाच आला. नवी श्रेणी 'ए' मिळाली, म्हणजे 3.01 ते 3.25 या टप्प्यात, आणि माझ्या मते ती योग्य आहे.

अडचण त्यानंतर सुरू झाली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2024-25 पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेच्या प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादा काढली, आणि त्याच वर्षी आमच्या शाखेच्या 60 जागा 120 झाल्या. सोलापूरच्या मुलांना पुण्याला न जाता हवी ती शाखा मिळते, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. घरून डबा घेऊन जाणाऱ्या मुलीचा खर्च आणि पुण्यातल्या वसतिगृहाचा खर्च यांतला फरक पगारदार माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पण परिषदेच्या निकषानुसार 20 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक हवा. 60 च्या शाखेत दुसऱ्या ते चौथ्या वर्षाचे 180 विद्यार्थी, म्हणजे 9 शिक्षक. 120 ची शाखा पूर्ण भरली की 360 विद्यार्थी आणि 18 शिक्षक, शिवाय पदविकेनंतर थेट द्वितीय वर्षाला येणारी मुले वेगळी. प्रवेश एका उन्हाळ्यात दुप्पट होतात, शिक्षक तसे मिळत नाहीत. तिसऱ्या सत्रात डेटा स्ट्रक्चर्स शिकवणारे सर ऑक्टोबरमध्ये पुण्याला नोकरी लागली म्हणून गेले आणि उरलेला अभ्यासक्रम दुसऱ्या विभागातल्या मॅडमनी जादा तास घेऊन संपवला. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे, तरी तो त्यांचा विषय नव्हता हे मुलांना जाणवत होते. प्रथम वर्षाच्या वाढलेल्या तुकड्यांची प्रोग्रामिंगची प्रात्यक्षिके त्याच प्रयोगशाळेत होऊ लागली, आणि मुलीच्या बॅचला एका संगणकावर दोघे बसावे लागले. जो कीबोर्डवर बसतो तो शिकतो, शेजारचा पाहतो.

प्रवेशापूर्वी हे पाहता येते का? येते. परिषदेचे दरवर्षीचे मान्यतापत्र महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर असते आणि त्यात शाखानिहाय प्रवेशक्षमता दिलेली असते. लागोपाठच्या तीन वर्षांची पत्रे शेजारी ठेवून वाचावीत, मग विभागाच्या पानावरची शिक्षकांची नावे मोजावीत आणि त्यांतली कायम किती हे विचारावे. नोकरीच्या फलकावरचे सर्वोच्च पॅकेज बाजूला ठेवून एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीसाठी दिलेल्या माहितीतला मध्यक पगार, म्हणजे निम्म्यांना ज्यापेक्षा कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतो तो मधला पगार, पाहावा. माझ्या मुलीची पदवी अजून दूर आहे, त्यामुळे नोकऱ्यांविषयी मत देत नाही.

शुल्काबाबत तक्रार नाही. ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झाल्यापासून आमचा भार बराच हलका झाला. बस वेळेवर येते, ग्रंथालय चांगले आहे, उपाहारगृह बेताचे आहे.

तिसऱ्या सत्रातल्या लघुप्रकल्पाविषयी मात्र लिहायलाच हवे. चार मुलींनी टॉवेलच्या विणीतले दोष छायाचित्रावरून ओळखण्याचा विषय घेतला. त्यांचे मार्गदर्शक सर स्वतः आमच्या कारखान्यात आले, दोन तास मागांजवळ उभे राहिले, आणि तपासणीच्या टेबलावरच्या मावशींना विचारून दोषांचे प्रकार वहीत उतरवून घेतले. सुटलेला धागा आणि तेलाचा डाग यांत मुलींचा प्रोग्रॅम अजून गल्लत करतो. तरीही चाळीस वर्षे टॉवेल तयार करणारे आमचे मालक तो पाहून खुर्ची ओढून बसले आणि पुढच्या उन्हाळ्यात मुलींनी इंटर्नशिप इथेच करावी असे म्हणाले. हे कोणत्याही श्रेणीमुळे झाले नाही. एका शिक्षकाला तेवढी सवड आणि इच्छा होती म्हणून झाले. 360 विद्यार्थी झाल्यावर त्या सरांना ही सवड राहील का, ही माझी खरी काळजी आहे.

पालक मेळाव्यात मी हाच प्रश्न लेखी दिला. विभागप्रमुखांनी दुसरी प्रयोगशाळा जूनपूर्वी सुरू करण्याचे आणि चार पदांची जाहिरात देण्याचे सांगितले. जाहिरात वर्तमानपत्रात आली आहे. प्रयोगशाळेत टेबले लागली आहेत, संगणक यायचे आहेत.