जनावरांच्या प्रदर्शनांतील नवख्या परीक्षकांसाठीचे प्रशिक्षण: एक अभिप्राय

गावोगावच्या यात्रांत आणि कृषी प्रदर्शनांत जनावरांच्या परीक्षणासाठी आजवर बहुधा पशुधन विकास अधिकारी, कृषी महाविद्यालयातील एखादे प्राध्यापक किंवा ज्यांच्या दावणीला नावाजलेला वळू आहे असे जुने जाणकार बोलावले जात. परीक्षक होण्याआधी त्याचे रीतसर शिक्षण घ्यावे, ही कल्पना आपल्याकडे अजून रुळलेली नाही. त्यामुळे आमच्या भागातील यात्रा समितीने खिलार या देशी गोवंशाच्या विभागासाठी परीक्षक म्हणून माझे नाव सुचवले आणि त्याच सुमारास सोलापूर जिल्ह्यातील एका संस्थेच्या निवासी प्रशिक्षणाची माहिती मिळाली, तेव्हा मी तत्काळ नाव नोंदवले. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण काही उणिवांविषयी मोकळेपणाने लिहायचे आहे आणि त्या व्यवस्थापनाला लेखी कळवून झालेल्या आहेत. शुल्क राहण्याजेवणासह असून एका बऱ्यापैकी झुलीच्या किमतीच्या आसपास जाते. व्यवस्था साधी पण स्वच्छ होती आणि त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

प्रशिक्षणाचा वर्गातील भाग तुलनेने फिका वाटला. तेथे प्रामुख्याने पाठ्यपुस्तकांतून चालत आलेले 100 गुणांचे गुणपत्रक शिकवले जाते, ज्यात सर्वसाधारण ठेवणीला 30, दुधाळपणाच्या लक्षणांना 20, शरीराच्या क्षमतेला 20 आणि कासेला 30 गुण असतात. होल्स्टिन किंवा जर्सी संकरित गाईंच्या गटाला हे पत्रक चालून जाते. परंतु आटपाडी, म्हसवड, सांगोला या पट्ट्यातील प्रदर्शनात जो नवखा परीक्षक उभा राहणार आहे त्याच्यासमोर बहुतांशी खिलार येणार, आणि ज्या जातीची पैदासच शेतकामासाठी आणि ओढकामासाठी झाली तिच्या गाईला कासेवर 100 पैकी 30 गुण ठेवून मोजणे म्हणजे जातीच्या मूळ हेतूवरच अन्याय करणे होय. ही हरकत आमच्यापैकी अनेकांनी घेतली. मुख्य प्रशिक्षकांनी ती मान्य केली आणि दुसऱ्या सत्रात स्वतः तयार केलेले खिलारचे स्वतंत्र पत्रक आणले, ज्यात जातिवंतपणा, पाय व खूर आणि चाल यांना सर्वाधिक वजन होते. ते पत्रक छापील साहित्यात मात्र नाही. पुढील तुकडीत ते सर्वांच्या हाती पडावे, ही पहिली अपेक्षा.

प्रशिक्षणाची खरी किंमत वसूल होते ती गोठ्याबाहेरच्या मैदानावर. जनावराला हात लावण्याची घाई करायची नाही, हे तेथे अक्षरशः अंगवळणी पाडले जाते. प्रथम लांबून बाजूने पाहायचे, मग कासरा धरणाऱ्याला जनावर सरळ रेषेत चालवायला सांगून मागून आणि पुढून पाहायचे, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्या जवळ पडतो का, मागची ढोपरे आत झुकतात का, चालताना पाठ सरळ राहते की मधे दबते, हे डोळ्यांत साठवायचे, आणि त्यानंतरच जवळ जाऊन कातडीची सैलता, बरगड्यांमधील अंतर, खुरांचा घट्टपणा आणि दात तपासायचे. दातांचा पाठ विशेष चांगला झाला. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात आणि खालच्या जबड्यातील आठ दातांवरून वय ठरते, हे पशुपालकाला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु आदत (फक्त दुधाचे दात असलेले), दुसा (दोन कायमचे दात आलेले) आणि चौसा (चार आलेले) हे गट प्रवेशिकेवर जसे लिहून आले तसेच मान्य न करता प्रत्येक तोंड स्वतः उघडून पाहायचे आणि पडू घातलेला दुधाचा दात व नुकताच डोकावणारा कायमचा दात यांतील फरक उजेडाकडे तोंड वळवून निश्चित करायचा, ही शिस्त बऱ्याच अनुभवी परीक्षकांतही दिसत नाही.

सजावटीवरचे सत्र मला सर्वाधिक आवडले. प्रदर्शनाला जनावर आणणारा मालक त्याला नटवून आणणारच आणि त्यात काही गैर नाही. तथापि झुलीखाली दबलेली पाठ लपते, जाड गोंड्यांखाली वशिंड कसे बसले आहे ते कळत नाही आणि शेंब्यांमुळे शिंगाचे टोक झाकले जाते. म्हणून परीक्षणापूर्वी झूल, माळा आणि शेंब्या उतरवायला सांगायचे, सर्वांना एकाच वेळी आणि एकाच शब्दांत सांगायचे, म्हणजे कोणाला आपल्यावरच संशय घेतला असे वाटत नाही. जनावराचे पुढचे पाय किंचित उंचवट्यावर उभे केले की उतार नजरेला वेगळाच दिसतो आणि पुठ्ठ्याचा, म्हणजे कमरेमागच्या भागाचा, दोष झाकला जातो, हे प्रशिक्षकांनी एकाच वळूला दोन जागी उभे करून दाखवले. फरक थक्क करणारा होता. दुधाळ गाईंच्या बाबतीत धार न काढता कास तुंबवून आणण्याचा प्रकारही त्यांनी समजावला. अशा गाईची कास पाहायची तर धार काढल्यानंतर ती कशी आकसते आणि मऊ पडते ते पाहावे, हा सल्ला साधा असला तरी प्रदर्शनाच्या गडबडीत तो पाळायला परीक्षकाने वेळापत्रकातच जागा मागून घ्यावी लागते.

शेवटचा भाग क्रमवारी लावण्याचा होता. चार आदत कालवडी एका ओळीत उभ्या केल्या होत्या आणि प्रत्येकाने क्रम लावून त्याची कारणे सर्वांसमोर बोलून दाखवायची होती. येथे नवख्याची परीक्षा होते, कारण क्रम लावणे बहुतेकांना जमते, मात्र पहिलीला दुसरीच्या वर का ठेवले हे शेजारच्या शेजारी तुलना करून सांगणे फार थोड्यांना जमते. पहिल्या कालवडीचे डोके लांब व निमुळते होते, कपाळावरची खोलगट रेघ स्पष्ट होती, शिंगे एकमेकांच्या जवळ उगवून मागे व वर कमानीसारखी वळू लागली होती. दुसरी अंगाने भरदार आणि पाठीने अधिक सरळ होती, परंतु तिच्या मागच्या खुरांची ठेवण सैल होती. दुसरीचा पाठीचा गुण आधी मोकळेपणाने मान्य करावा आणि मगच खुरांचा दोष सांगावा, तोही ‘या जोडीत पहिलीचे खूर अधिक घट्ट आहेत’ अशा शब्दांत, ही पद्धत आम्हाला शिकवण्यात आली. मालकाने वर्षभर पोसलेल्या जनावराविषयी माईकवर चार लोकांत ‘खराब’ हा शब्द उच्चारायचा नाही, हा नियम मला पटला. दुर्दैवाने या सत्राला अर्धा दिवसच मिळाला आणि मागच्या बाकांवरील काही जणांना बोलायची संधीच आली नाही. परीक्षकाचे निम्मे काम बोलण्याचे असताना वेळेची ही वाटणी उलटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन विषय टाळले गेले, आणि टाळल्याचे जाणवले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 18 मे 2023 रोजी महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतींविषयीचा कायदा वैध ठरवल्यापासून शर्यतीच्या दृष्टीने जनावर पाहण्याचा कल वाढला आहे. हलक्या अंगाचे, चपळ खोंड रिंगणात आले की टाळ्या त्यालाच पडतात. जातीच्या लक्षणांवर क्रम लावायचा की पळण्याच्या ताकदीवर, याबाबत परीक्षकाने प्रदर्शनाच्या आधी आयोजकांकडून लेखी खुलासा घ्यावा, एवढे तरी सांगायला हवे होते. दुसरा विषय नात्यागोत्याचा. ज्या वळूचे बीज आपण आपल्या गाईंना वापरले त्याची पैदास समोर आली, किंवा पाहुण्यांचे जनावर गटात असले, तर त्या गटापुरते बाजूला व्हावे की नाही, या प्रश्नावर प्रशिक्षकांनी ‘तारतम्य ठेवावे’ एवढेच उत्तर दिले. गावपातळीवर तक्रारी नेमक्या याच कारणाने होतात.

शेळ्यामेंढ्यांचा भाग उरकल्यासारखा झाला. उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळ्यांची छायाचित्रे दाखवण्यात आली, प्रत्यक्ष जनावर एकही नव्हते. पंढरपुरी म्हशींसाठी मात्र खास वेळ काढला होता आणि खांद्यामागे जाणाऱ्या लांब शिंगांमुळे तिला मोजताना, हाताळताना कोणती काळजी घ्यावी हे जवळून शिकायला मिळाले.

शेवटी मिळणारे प्रमाणपत्र सुबक आहे. परंतु यात्रा समिती, बाजार समिती किंवा पंचायत समितीचा पशुसंवर्धन विभाग परीक्षक ठरवताना ते मागतोच असे नाही, आणि नवख्याला पहिली संधी ओळखीतूनच मिळते. ज्याला जनावर कळते पण रिंगणात उभे राहण्याचा सराव नाही, त्याने हे प्रशिक्षण अवश्य घ्यावे. ज्याला गाईची कास आणि पुठ्ठा यांतले काहीच ठाऊक नाही, त्याने आधी एक हंगाम खरसुंडी किंवा पुसेगावच्या बाजारात जाणकारांच्या मागे हिंडावे. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांना एखाद्या प्रदर्शनात अनुभवी परीक्षकांसोबत सहायक म्हणून उभे करण्याची सूचना मी व्यवस्थापनाकडे केली असून, पुढील हंगामापासून तसा प्रयत्न करू असे त्यांनी कळवले आहे.