कीवीची रोपं घेताय? सगळे नर निघाल्याचं चौथ्या वर्षी कळतं

हिमाचलमधल्या सोलन-कुल्लूकडच्या बागांत ही फसवणूक एप्रिलअखेर उघडी पडते. मांडव फुलांनी लगडतो, आठवड्याभरात फुलं गळतात, फळ एकही नाही. विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं: खत कमी पडलं, अवेळी पाऊस झाला. बऱ्याचदा खरी गोष्ट एवढीच, की त्याने सगळे नर दिलेले असतात.

कीवीत नर वेल वेगळी, मादी वेगळी. रोप असताना पान चोळून नर ओळखून दाखवणारा थापा मारतो. फुलाशिवाय खात्री नाही. कलमाला फूल तिसऱ्या-चौथ्या वर्षी येतं. बियांच्या रोपाला त्याहून उशिरा, आणि त्यात निम्म्याच्या आसपास नर. हीच स्वस्त रोपं कलम म्हणून खपवतात. खोडावर जोड शोधा. जोड असला तरी फांदी जोडाच्या वरूनच फुटलीय ना, हे बघा. कलम मरून खालच्या खुंटाचा फुटवा वाढलेली रोपंही सर्रास गळ्यात मारली जातात.

मादी फुलात मधोमध फुगीर अंडाशय आणि त्यावर चाकाच्या आऱ्यांसारखे पांढरे तंतू. नरात पिवळ्या पुंकेसरांचा झुबका, अंडाशय नावापुरता. गोम अशी, की पुंकेसर मादी फुलातही असतात, पण त्यांचा पराग वांझ. अशा मादी फुलाचाच फोटो दाखवून 'एकच रोप पुरे' म्हणतात. जेनीसारखी स्वफलित जात आहे, पण हेवर्ड, ॲलिसन, ब्रुनो, मॉन्टी या निव्वळ माद्या.

8 माद्यांमागे 1 नर, म्हणजे 100 रोपांत 11 तरी. नराची जातही विचारा. हेवर्ड उशिरा फुलते, तिला तोमुरी हा उशिरा फुलणारा नर लागतो. लवकरचा नर दिला तर मादी उमलेपर्यंत त्याचा पराग संपलेला असतो. पावतीवर जात आणि नर-मादीचा आकडा वेगवेगळा लिहून घ्या, नराच्या खोडाला तिथेच रंग लावा.

(महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी हा प्रश्नच येत नाही. हेवर्डला 7 अंशांखालची शेकडो तासांची थंडी लागते. ती नसेल तर फूलच धड येत नाही.)

फसलातच तर वेली उपटू नका. हिवाळ्यात वेल झोपेत असताना, फळ देणाऱ्या मादीच्या काड्या आणून नरांवर पाचर कलम करा. सगळ्या माद्याच निघाल्या असतील तर दर नवव्या वेलीच्या एका फांदीवर नराचं कलम बांधा. ती फांदी जोमाने पसरते, म्हणून फुलोरा संपताच छाटा. तोवर शेजारच्या बागेतून ताजी नर फुलं आणून मादी फुलांवर घासा. एका नर फुलात चार-पाच मादी फुलांचं काम होतं.