ज्युदोचा सराव-पट्टा: ओढणारा, पण कधीच न ढकलणारा जोडीदार

जोडीदार नसेल त्या दिवशीही फेकीचा सराव चुकू नये, म्हणून मी हा रबरी पट्टा घेतला आणि तीन महिने नियमित वापरला. तो खांबाला अडकवायचा, दोन्ही टोकांच्या मुठी समोरच्याची बाही व कॉलर समजून धरायच्या आणि फेकीच्या प्रवेशाची, म्हणजे उचिकोमीची, आवर्तने करायची. शिवण मजबूत आहे. रबर अजून सैल पडलेले नाही.

हिकिते, म्हणजे बाही ओढणारा हात, अर्ध्यावरच थांबवण्याची माझी जुनी खोड या पट्ट्याने मोडली. हात ढिला पडला की रबर तत्काळ मागे खेचते, त्यामुळे सेओइनागेसाठी, म्हणजे समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून टाकण्याच्या फेकीसाठी, पाठ वळवताना ओढ शेवटपर्यंत टिकवावीच लागते.

परंतु विरोध म्हणजे केवळ उलट दिशेची ओढ नव्हे. १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा स्थापन करणारे ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी ‘जू’चे, म्हणजे बळाला न भिडता नमते घेण्याचे, तत्त्व आकड्यांत समजावले होते: समोरच्याचे बळ १० आणि आपले ७ असेल, तर भिडल्यावर आपण हरणारच, मात्र तो ढकलत असताना आपण तेवढेच मागे सरलो तर त्याचा तोल जातो, त्याचे बळ समजा ३ वर येते आणि आपल्या ७ पैकी निम्मे बळही पुरते. पट्ट्याचे गणित नेमके उलटे आहे. माणसाचा विरोध तोल सुटताच कोसळतो, रबराचा ताण मात्र ओढू तितका वाढत जातो. म्हणजे जिथे हात हलका व्हायला हवा, तिथेच पट्टा सर्वाधिक जोर मागतो. तो ढकलत नाही, पाऊल बदलत नाही, हूल देत नाही. त्यामुळे कुझुशीचा, म्हणजे तोल बिघडण्याचा, क्षण ओळखणे त्याच्यावर शिकता येत नाही. सहा आठवडे केवळ पट्ट्यावर घालवून मी मॅटवर परतलो, तेव्हा जोडीदार पुढे झुकल्यानंतरही मी त्याला त्याच जोराने ओढत राहिलो आणि आम्ही दोघेही एकमेकांवर कोसळलो. (पट्ट्याने कधी अशी तक्रार केली नव्हती.)

घ्यायचाच असेल तर पातळ पट्टा घ्यावा; जाड पट्ट्याने दंडाचा व्यायाम होतो, फेकीचा नव्हे. मी तो आता जोडीदारासोबतच्या सरावाआधी, खांबाच्या जवळ उभा राहून, पन्नासेक आवर्तनांपुरताच वापरतो.